कॅमेरा त्याचा, वाजवलं आम्ही... मग व्हिडिओ कोणाचा?



मागच्या रविवारच्या लाइव्हमध्ये शेवटच्या पाच मिनिटांत एका मुलाने प्रश्न विचारला होता. ज्यांनी लाइव्ह पाहिलं त्यांना आठवत असेल. मुंबईत त्याची बेंजो पार्टी आहे, बारा-चौदा पोरं. गणपती, हळदी, साखरपुडे, मंडळांचे कार्यक्रम करतात. गेल्या सीझनला एका हळदीत एक जण तीन कॅमेरे घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, तुमचा व्हिडिओ फ्रीमध्ये बनवतो, तुमचीच पब्लिसिटी होईल." पोरं खूश. फ्रीमध्ये तीन कॅमेरे कोण नाही म्हणेल?

व्हिडिओ चालला, चांगलाच चालला. पण तो त्या कॅमेरावाल्याच्या चॅनेलवर आहे आणि खाली फोन नंबरही त्याचाच आहे. लोक बुकिंगसाठी फोन करतात तो त्याला, आणि तो ते काम कधी ह्यांना देतो, कधी दुसऱ्याच पार्टीला. ह्या मुलाने वैतागून तोच व्हिडिओ डाउनलोड करून स्वतःच्या चॅनेलवर टाकला, तर दोन दिवसांत कॉपीराइटची स्ट्राइक आली. त्याचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलंय. "सर, वाजवलं आम्ही, आणि चोरही आम्हीच?"

मी त्याला विचारलं, लेखी काही आहे का? तो म्हणाला, नाही. मी म्हणालो, मग अवघड आहे. आणि वेळ संपली. खरं सांगायचं तर ते उत्तर आळशी होतं. म्हणून आज हा लेख. व्हिडिओ नंतर येईलच, पण ह्या विषयात एवढे कंगोरे आहेत की दहा मिनिटांत बोलून होणार नाही.

आधी माझीच फजिती सांगतो, म्हणजे मी शहाणपण शिकवतोय असं वाटणार नाही. सुरुवातीच्या काळात माझी दोन दिवसांची कार्यशाळा एका ओळखीच्या माणसाने शूट केली. पैसे घेतले नाहीत, मीही कागद केला नाही. ती कार्यशाळा आजही त्याच्या चॅनेलवर आहे, तुकडे-तुकडे करून. त्यात मी जीएसटीबद्दल सांगितलेल्या दोन गोष्टी आता बदलल्यात. लोक कमेंट करतात, "सर चुकीचं सांगतायत." आणि मी तो व्हिडिओ काढूही शकत नाही, सुधारूही शकत नाही. चेहरा माझा, आवाज माझा, बदनामी माझी. बटण मात्र दुसऱ्याच्या हातात.

आता ह्या प्रश्नावर ज्याने आयुष्यभर डोकं लढवलं अशा एका माणसाची गोष्ट सांगतो. तो आपल्याकडचा नाही, अमेरिकेतला आहे. त्याचं नाव फ्रँक झॅपा.

संगीतात तुम्हाला रस नसला तरी हरकत नाही, आपण त्याच्याकडे एक छोटा उद्योजक म्हणून बघू. जन्म १९४०, मृत्यू १९९३, म्हणजे जेमतेम ५२ वर्षांचं आयुष्य. गिटार वाजवायचा, स्वतः लिहायचा, स्वतः बँड चालवायचा. पहिला अल्बम १९६६ मध्ये आला. रेडिओवर रोज वाजेल असं त्याचं संगीत नव्हतंच. विचित्र, अवघड, मधेच चावट. म्हणजे मार्केटच्या भाषेत छोटा पण पक्का ग्राहक असलेला धंदा. आपल्यापैकी बहुतेकांचा असतो तसाच.

१९७१ मध्ये त्याने एक सिनेमा केला, '२०० मोटेल्स'. सतत दौऱ्यावर असलेल्या बँडचं आयुष्य हा विषय. पैसे कोणी घातले? युनायटेड आर्टिस्ट्स ह्या मोठ्या स्टुडिओने. मग सिनेमा कोणाचा झाला? स्टुडिओचा. कल्पना झॅपाची, संगीत झॅपाचं, माणसं झॅपाची, पण तो सिनेमा घरोघरी कॅसेटवर कधी आणायचा, कसा आणायचा, हे ठरवणं त्याच्या हातात राहिलं नाही. पुढे १९८० च्या दशकाच्या शेवटी त्याने काय केलं बघा. त्या सिनेमाचं शूटिंग कसं झालं ह्याचा एक वेगळा माहितीपट स्वतःच्या मालकीचा बनवला आणि 'द ट्रू स्टोरी ऑफ २०० मोटेल्स' नावाने स्वतः विकला. मूळ माल विकता येत नाही, तर मालाची गोष्ट विकतो! मला हा माणूस तिथेच आवडला.

पण '२०० मोटेल्स'चा धडा त्याने त्याआधीच घेतला होता. १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका टीव्ही स्टुडिओत त्याने बँडचा पूर्ण कार्यक्रम शूट करून घेतला, तोही स्वतःच्या खिशातून. टीव्हीवाल्यांना विकायचा प्रयत्न केला, अमेरिकेत कोणी घेतला नाही. नुकसान? त्या वर्षाचा ताळेबंद बघितला तर होय. पण टेप त्याच्याच होत्या. १९८२ मध्ये त्यातले भाग घेऊन, एका दुसऱ्या कार्यक्रमाचे भाग जोडून, त्याने 'द डब रूम स्पेशल' नावाचा व्हिडिओ केला आणि पोस्टाने विकला. आणि तो पूर्ण कार्यक्रम 'अ टोकन ऑफ हिज एक्स्ट्रीम' म्हणून डीव्हीडीवर आला २०१३ मध्ये. शूटिंगनंतर ३९ वर्षांनी! तो माणूस जाऊन २० वर्षं झाली होती. एकाच दिवसाच्या शूटिंगचं भाडं इतकी वर्षं येत राहिलं. आपण ज्याला 'ॲसेट' म्हणतो ना, ती हीच. मशीन झिजतं, गाडी जुनी होते, चांगलं शूटिंग मात्र जुनं झाल्यावर महाग होतं.

तिसरी गोष्ट 'बेबी स्नेक्स'ची, आणि ही जरा सावकाश वाचा, कारण मालकीबद्दल बोलणारे लोक हा भाग सांगत नाहीत.

ऑक्टोबर १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियम थिएटरमध्ये झॅपाचे हॅलोविनचे कार्यक्रम झाले. ते त्याने फिल्मवर शूट केले आणि त्यात ब्रूस बिकफर्ड नावाच्या कलाकाराचं मातीच्या बाहुल्यांचं ॲनिमेशन घातलं. तयार झाला पावणेतीन तासांच्या आसपासचा सिनेमा. वितरकांकडे गेला. युनायटेड आर्टिस्ट्सने नको म्हटलं. बाकीच्यांनीही नको म्हटलं. मग त्याने सिनेमा कापून दीड तासाचा केला, तरी नको. युरोपातल्या एका वितरकाला ॲनिमेशन आवडेल असं वाटलं म्हणून तेवढ्या भागाचा वेगळा अर्ध्या-पाऊण तासाचा तुकडा केला, तरी गाडी हलेना.

शेवटी २१ डिसेंबर १९७९ ला, स्वतःच्या वाढदिवशी, त्याने स्वतःच्याच कंपनीतर्फे तो सिनेमा लावला. न्यूयॉर्कच्या व्हिक्टोरिया थिएटरमध्ये तो चोवीस तास चालायचा. ऐकायला भारी वाटतं, पण देशभर शेकडो पडद्यांवर पोचणं वेगळं आणि एका शहरातलं एक थिएटर वेगळं. १९८१ मध्ये पॅरिसला एका महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालं. पारितोषिकाने थिएटरं मिळत नाहीत, हे आपल्या मराठी निर्मात्यांना मी सांगायला नको.

म्हणजे बघा, मालकी शंभर टक्के त्याची. वितरण जवळजवळ शून्य. मालक असणं आणि माल गिऱ्हाइकापर्यंत पोचणं ही दोन वेगळी कामं आहेत. बेंजोवाल्या मुलाच्या बाबतीत उलटं झालंय. वितरण जोरात आणि मालकी शून्य. दोघांचीही रात्रीची झोप उडालेलीच.

झॅपाने मग काय केलं? त्याने स्वतःची गल्ली बांधली. १९७७ मध्ये त्याचं वॉर्नर ब्रदर्स ह्या रेकॉर्ड कंपनीशी भांडण झालं. चार रेकॉर्डचा संच त्याने तयार केला होता, तो निघेना. त्या डिसेंबरमध्ये तो कॅलिफोर्नियातल्या एका रेडिओ स्टेशनवर गेला, सगळा संच वाजवला आणि श्रोत्यांना सांगितलं, टेप रेकॉर्डर लावा आणि उतरवून घ्या. (हे धाडस कोणी करू नका. त्यापायी वकिलांचं बिल किती होतं ते त्यालाच माहीत.) कोर्टकज्जे काही वर्षं चालले. पण १९८० च्या दशकात त्याच्या जुन्या रेकॉर्डिंगच्या मूळ टेप त्याच्या ताब्यात आल्या.

ह्याच काळात त्याने पोस्टाने माल विकणारी स्वतःची कंपनी उभी केली. धंद्याची ती बाजू त्याची बायको गेल सांभाळायची. गिऱ्हाइकांचे पत्ते त्यांच्याकडे, फोन लाइन त्यांची, माल त्यांचा. १९८१ मध्ये गिटारवादनाचे तीन अल्बम सुरुवातीला फक्त पोस्टाने विकले. आणि घरोघरी व्हीसीआर आले तसं १९८७ च्या सुमारास त्याने स्वतःची व्हिडिओ कंपनीच काढली, 'हाँकर होम व्हिडिओ'. वितरकांनी नाकारलेला 'बेबी स्नेक्स' आता कॅसेटवर. मातीच्या बाहुल्यांचा तो तुकडा, जो कोणी घेतला नव्हता, तोही वेगळी कॅसेट म्हणून. पैशाअभावी वीस वर्षं रखडलेला 'अंकल मीट' हा सिनेमाही त्याच रांगेत. थिएटरच्या दारावर ज्याला हाकललं, तोच माल दिवाणखान्यात विकला गेला.

हे शक्य का झालं? कारण टेप त्याच्या तळघरात होत्या. नवीन रस्ता तयार झाला त्या दिवशी त्याच्याकडे माल होता आणि तो विकायचा हक्क होता. थिएटर, टीव्ही, कॅसेट, डीव्हीडी, आता इंटरनेट. दर दहा-पंधरा वर्षांनी रस्ता बदलतो. पुढचा रस्ता कोणता हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: रस्ता भाड्याने घ्या, माल विकू नका. वितरकाला, चॅनेलवाल्याला, ॲपवाल्याला वापरायचा परवाना द्या, ठरावीक वर्षांसाठी. झॅपानेही सगळं स्वतः केलं नाही. १९८४ च्या न्यूयॉर्कमधल्या एका कार्यक्रमाचा व्हिडिओ दुसऱ्याच कंपनीतर्फे बाजारात आणला होता.

त्याची एक चाल तर मी प्रत्येक बॅचला सांगतो. त्याच्या कार्यक्रमांची चोरटी रेकॉर्डिंग बाजारात विकली जायची. चोरांचा पाठलाग करून थकल्यावर १९९१ मध्ये त्याने तीच चोरटी रेकॉर्डिंग जशीच्या तशी उचलली आणि 'बीट द बूट्स' नावाने अधिकृतपणे विकायला काढली. आवाजाची क्वालिटी भिकार, पण चाहत्यांनी घेतली. चोराने मार्केट रिसर्च फुकटात करून दिला होता!

आता तुम्ही म्हणाल, सर, हा तर हिरो झाला. थांबा. १९८० च्या दशकात त्याच्याच जुन्या बँडमधल्या वादकांनी रॉयल्टी मिळाली नाही म्हणून त्याच्यावर दावा लावला. जो माणूस स्टुडिओला म्हणत होता "माझं मला द्या", त्यालाच त्याचे वादक तेच म्हणत होते. बेंजो पार्टी चालवणाऱ्या मुला, हे वाक्य तुझ्यासाठी. व्हिडिओ तुझा झाला, तर तुझ्या ढोलकीवाल्याचं, कीबोर्डवाल्याचं काय? त्यांना तू काय लिहून दिलंयस? नाइट दिली की संपलं, असं तूही म्हणणार असशील तर त्या कॅमेरावाल्यात आणि तुझ्यात फार अंतर नाही.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

मी वकील नाही, पण कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या ह्या चार गोष्टी प्रत्येक कार्यक्रमवाल्याला माहीत पाहिजेत.

कार्यक्रमाच्या एका व्हिडिओत एकच हक्क नसतो, थरावर थर असतात. गाण्याचे शब्द आणि चाल हा एक थर. तुमचं वादन-गायन, म्हणजे कलाकाराचा हक्क, हा दुसरा. चित्रीकरण हा तिसरा. चित्रीकरणात कायदा 'निर्माता' हा कर्ता मानतो, म्हणजे ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. पण कलम १७ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट आहे. तुम्ही पैसे मोजून, तुमच्या सांगण्यावरून कोणाकडून चित्रीकरण करून घेतलंत, आणि उलटा करार नसेल, तर पहिले मालक तुम्ही. लग्नाचा व्हिडिओ असो की तुमच्या क्लासचा. अनेक व्हिडिओग्राफर बिलाच्या मागे बारीक अक्षरात उलटं लिहितात, म्हणून बिलाची मागची बाजू वाचा. आता 'फ्री'मधली मेख लक्षात आली? पैसे दिले असते तर बाजू भक्कम होती. पाच-सहा हजार वाचवले आणि मालकी घालवली.

पण म्हणून तो मुलगा रिकाम्या हाताचा आहे का? नाही, आणि रविवारी मी हेच सांगायला विसरलो. कलम ३८ आणि ३८-अ मध्ये कलाकाराचे स्वतःचे हक्क आहेत. तुमच्या सादरीकरणाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करायचं, ते लोकांपर्यंत पोचवायचं, ह्याला तुमची संमती लागते. हा हक्क सादरीकरणाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं राहतो. फिल्ममध्ये सादरीकरण घ्यायला कलाकाराने लेखी संमती दिली असेल तर निर्मात्याला मोकळीक मिळते, मात्र व्यापारी वापर असेल तर कलाकाराचा रॉयल्टीचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीनंतर शाबूत ठेवलाय. आणि ह्या प्रकरणात लेखी काय आहे? काहीच नाही. म्हणजे 'कागद नाही' हे दोन्ही बाजूंनी कापतं. कॅमेरावाल्याकडेही कागद नाहीच की!

अजून एक. हक्क कायमचा लिहून द्यायचा असेल तर तो लेखी आणि सहीसकट लागतो, तोंडी चालत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून कोणी "जगभरात, कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत, आज ज्ञात असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या" असं लिहिलेला कागद पुढे केला तर घाईने सही करू नका. ते शब्द शोभेसाठी नसतात.

आणि पहिला थर? तुम्ही सिनेमाची गाणी वाजवता. त्या गाण्यांचे हक्क संगीत कंपन्यांकडे आहेत. त्यामुळे व्हिडिओवर जाहिराती लागल्या तरी पैसे बरेचदा तिकडे वळतात. म्हणजे कॅमेरावाला आणि हा मुलगा ज्या जाहिरातीच्या पैशांवरून भांडतायत, त्यातला मोठा वाटा कदाचित दोघांचाही नाही. खरा पैसा आहे त्या खालच्या फोन नंबरात. एका सुपारीचे जेवढे पैसे येतात तेवढे लाख व्ह्यूजचे येत नाहीत, हे चॅनेल चालवणारा माणूस म्हणून मी अनुभवाने सांगतो. भांडायचंच तर नंबरासाठी भांडा.

कागद नसेल तर किती वर्षं जातात?

अरिथा फ्रँकलिन हे नाव काहींनी ऐकलं असेल. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री तिने भक्तिगीतं गायली. आपल्याकडे एखाद्या मोठ्या गायिकेने आपल्याच गल्लीतल्या मंदिरात भजनाला बसावं तसं. अल्बम त्याच वर्षी आला, 'अमेझिंग ग्रेस', आणि तुफान खपला. ह्या दोन रात्री सिडनी पोलॅक ह्या दिग्दर्शकाने फिल्मवरही घेतल्या होत्या. पण शूटिंगच्या वेळी क्लॅप दिली नव्हती, त्यामुळे आवाज आणि चित्र जुळवता येईना. वीस तासांचं फुटेज डब्यात गेलं.

२००७ मध्ये ॲलन एलियट नावाच्या निर्मात्याने ते मिळवलं, नव्या तंत्राने आवाज जुळवला. आणि मग खरी अडचण सुरू झाली. आता तंत्राचा प्रश्न संपला होता, संमतीचा उरला होता. २०११ मध्ये अरिथाने दावा लावला. २०१५ मध्ये एका महोत्सवात सिनेमा दाखवायच्या दिवशी कोर्टाने मनाई केली. ऑगस्ट २०१८ मध्ये ती गेली. नंतर तिच्या वारसांशी बोलणी होऊन नोव्हेंबर २०१८ मध्ये सिनेमा पहिल्यांदा न्यूयॉर्कला दाखवला गेला. शूटिंगनंतर ४६ वर्षांनी. लोकांनी डोक्यावर घेतला, पण ते बघायला ती नव्हती.

बरेच जण ही गोष्ट "बघा, तिच्या हट्टामुळे किती चांगला सिनेमा अडकला" अशी सांगतात. मला ते पटत नाही. गाणं तिचं, चेहरा तिचा, नाही म्हणायचा हक्कही तिचा. दोष असेल तर सगळ्यांनी मिळून वेळेवर स्पष्ट कागद न केल्याचा आहे. निर्माता दहा वर्षं त्यात अडकला, त्याचाही पैसा आणि उमेद गेलीच. आपल्या वाचकांत व्हिडिओ शूटिंगचा व्यवसाय करणारे खूप जण आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. कागद कलाकाराला वाचवतो तसा तुम्हालाही वाचवतो. संमतीशिवायचं फुटेज म्हणजे गोडाऊनमध्ये पडलेला न विकता येणारा माल. त्याचं भाडं मात्र तुम्ही भरताय.

भाड्यावरून आठवलं. जपणं हाही खर्च आहे. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये झालेल्या एका मोठ्या संगीत महोत्सवाचं सुमारे ४० तासांचं शूटिंग हॅल टुल्चिन ह्या माणसाने केलं, फारसं कोणी विकत घेतलं नाही, आणि टेप पन्नास वर्षं पडून राहिल्या. तो २०१७ मध्ये गेला. त्यातून २०२१ मध्ये 'समर ऑफ सोल' निघाला आणि त्याला ऑस्कर मिळालं. त्याने टेप फेकल्या नाहीत एवढ्यामुळे. तुमची हार्ड डिस्क कुठे आहे? कपाटात एकच? मग आज दुसरी घ्या. आपण लाखाचा बेंजो-कीबोर्डचा सेट कव्हर घालून ठेवतो आणि चार-पाच हजारांच्या डिस्कची कंजुषी करतो.

झॅपाकडे परत येतो, कारण त्याच्या गोष्टीचा शेवट घरचा आहे. तो गेल्यावर धंदा गेलने चालवला. २०१५ मध्ये ती गेली. चार मुलं. ट्रस्टचे वाटे समान नव्हते, दोघांना ३० टक्के आणि दोघांना २० टक्के, आणि निर्णय धाकट्या दोघांच्या हातात. मोठा मुलगा ड्वीझिल दहा वर्षं वडिलांचं संगीत वाजवत कार्यक्रम करत होता. २०१६ मध्ये, ज्या नावाने तो हे करत होता ते नाव वापरण्यावरून भावंडांत जाहीर भांडण झालं. मुलाला वडिलांचं नाव वापरायला परवानगी हवी! त्याच वर्षी तळघरातल्या त्या सगळ्या टेप वाचवण्यासाठी आणि माहितीपटासाठी ॲलेक्स विंटर ह्या दिग्दर्शकाने चाहत्यांकडून दहा लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम गोळा केली. घरही विकलं गेलं. आणि जून २०२२ मध्ये युनिव्हर्सल म्युझिक ग्रुपने सगळं घेतलं. रेकॉर्डिंग, प्रकाशनाचे हक्क, फिल्मचा साठा, तळघरातल्या टेप, नाव आणि चेहरासुद्धा.

ज्या माणसाने मोठ्या कंपन्यांशी आयुष्यभर भांडून प्रत्येक टेप घरी आणली, त्याचा सगळा साठा शेवटी जगातल्या सर्वांत मोठ्या संगीत कंपनीकडे गेला. काही चाहते ह्याला हार म्हणतात. मला नाही तसं वाटत. मालकी घरात होती म्हणून तर मुलांना ती एकगठ्ठा विकता आली, आपल्या अटींवर, आपल्या वेळी. विकणं वाईट नाही. न विचारता, फुकटात, हळदीच्या मांडवात उभ्या-उभ्या देऊन टाकणं वाईट. मात्र घरातली वाटणी झॅपा कुटुंबासारखी करू नका. किती दुकानं मी अशीच बंद पडताना पाहिलीत, धंदा चांगला आणि भाऊ कोर्टात.

आता त्या मुलाचं काय? मंगळवारी मी त्याच्याशी फोनवर बोललो. त्याला वाटत होतं मी वकिलाची नोटीस पाठवायला सांगेन. मी म्हटलं, आधी त्या कॅमेरावाल्याला भेट. तो शत्रू नाही, तुझं मार्केट त्यानेच दाखवलंय. त्याला सांग की कलाकाराचा हक्क काय असतो ते मला कळलंय, आणि मला भांडायचं नाही. माझ्या मागण्या एवढ्याच: व्हिडिओच्या खाली पहिला नंबर पार्टीचा, नावासकट. मूळ फुटेजची एक कॉपी पार्टीकडे. पार्टीच्या चॅनेलवर तोच व्हिडिओ टाकायची लेखी परवानगी आणि स्ट्राइक मागे. बदल्यात त्याच्या चॅनेलवर तो व्हिडिओ पुढची तीन वर्षं राहील, जाहिरातीचं जे काही येईल ते त्याचं, आणि पुढच्या सीझनची दोन शूटिंग पैसे देऊन त्यालाच. ऐकलं नाहीच तर नोटीस आहेच, ती कुठे पळून जात नाही.

गुरुवारी तो भेटला. नंबर बदललाय, मी स्वतः जाऊन बघितलं. स्ट्राइक मागे घ्यायला तयार झालाय. फुटेजवर अजून घासाघीस चालू आहे, डिस्क पार्टीने आणून द्यायची म्हणतोय. द्यावी, माझं मत.

आणि पार्टीच्या कोटेशनवर आता खाली एक ओळ आहे, त्याने मला फोटो पाठवला. त्याच्याच भाषेत आहे, मी एक शब्द बदलला नाही: "कार्यक्रमाचं मोबाइल शूटिंग घरच्यांनी बिनधास्त करावं. कॅमेरा लावून चॅनेलसाठी शूटिंग करायचं असेल तर आधी पार्टीशी बोलून कागदावर सही करावी लागेल." कोणाला ही ओळ स्वतःच्या कोटेशनवर वापरायची असेल तर त्याची परवानगी मी विचारलीय. हो म्हणाला.